अहमदपूरचा त्रिकोण

लातूरहून नांदेडला निघालेली एसटी चाकूर मागे टाकून अहमदपूरला थांबते. तिथून पुढे लोहा, मग नांदेड. नकाशावर लातूर आणि नांदेड पट्टीने जोडले, तर अहमदपूर त्या रेषेला जवळजवळ चिकटलेले दिसते. या तीन गावांचा त्रिकोण काढायला बसलात तर हाती येते ती एक लांबट, चपटी आकृती. क्षेत्रफळ जेमतेम, परिमिती मात्र दोनशे किलोमीटरच्या वर. हे ध्यानात ठेवावे, कारण या प्रकरणात त्याचे काम पडणार आहे.

लातूर आणि गणित हे दोन शब्द एकत्र आले की लोकांना गुण आठवतात. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय, 'लातूर पॅटर्न', बारावीच्या गणितात शंभरपैकी शंभर. त्यात कष्ट आहेत, शिस्त आहे, आणि त्या पॅटर्नने खेड्यापाड्यांतली हजारो मुले डॉक्टर-इंजिनिअर केली, हे कोणी नाकारू नये. पण ते दुसऱ्याने काढलेली प्रश्नपत्रिका सोडवण्याचे गणित आहे. ज्या गणितात प्रश्नही आपणच काढायचा आणि उत्तर आहे की नाही हेही आपणच ठरवायचे, ते गणित या पट्ट्यात कोणी केले, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतील. ते अहमदपूरच्या महात्मा गांधी महाविद्यालयातून केले गेले. करणाऱ्याचे नाव डॉ. बापूराव ढगे. जगभरच्या नियतकालिकांत ते 'बी. सी. ढगे' असे छापले जाते आणि खाली पत्ता असतो अहमदपूर, जिल्हा लातूर.

मराठवाड्यात उच्च शिक्षण उशिरा आले. निजामाच्या राज्यात विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, त्यानंतर दोन वर्षांनी, १९५० मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. त्यामागे स्वामी रामानंद तीर्थांची प्रेरणा होती. लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले २३ ऑगस्ट १९५८ रोजी. पुढची छत्तीस वर्षे नांदेड आणि लातूरची सगळी महाविद्यालये याच विद्यापीठाला जोडलेली होती. पदवी तिथली, पीएच.डी.ही तिथलीच.

या नव्या विद्यापीठाच्या गणित विभागात १९६० च्या दशकाच्या मध्यावर विभागप्रमुख म्हणून व्ही. लक्ष्मीकांतम आले. उस्मानिया विद्यापीठाची १९५७ ची पीएच.डी., मग अमेरिका आणि कॅनडातला अनुभव. विषय डिफरन्शियल इक्वेशन्स, म्हणजे विकलक समीकरणे, आणि त्यातही असमानता. औरंगाबादला ते फार काळ राहिले नाहीत. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठात गेले, पुढे टेक्सास, मग फ्लोरिडा. १९७६ मध्ये त्यांनी 'नॉनलिनिअर अॅनॅलिसिस' हे नियतकालिक सुरू केले आणि त्या विषयातले ते जगन्मान्य नाव झाले. पण मराठवाड्यात गणिताचे संशोधन म्हटले की विकलक समीकरणे आणि असमानता, हा शिरस्ता त्या थोड्या वर्षांत पडला तो पडलाच. मराठवाड्यात भूमितीचे किंवा संख्यासिद्धांताचे घराणे उभे राहिले नाही, हे घराणे राहिले. विद्यापीठ नवे असते तेव्हा पहिल्या दोन-चार माणसांची आवडच पुढच्या दोन पिढ्यांचा अभ्यासक्रम ठरवते.

या घराण्यातले पहिले मोठे नाव बाबूराव गोविंदराव पाचपट्टे. त्यांचा विषय थोडक्यात सांगायचा तर व्याजाचे उदाहरण बरे. सावकाराचे देणे आजवर साठलेल्या रकमेच्या प्रमाणात वाढत असेल, तर ते फुगून फुगून किती फुगेल? चक्रवाढीने जितके फुगेल त्याच्यावर जाणार नाही. गणितात हीच हमी ग्रोनवॉल यांनी १९१९ मध्ये आणि बेलमन यांनी १९४३ मध्ये दिली. समीकरण सुटत नसले तरी त्याचे उत्तर हाताबाहेर जाणार नाही, एवढे तरी त्यावरून सांगता येते. पाचपट्टे यांनी १९७३ मध्ये विचारले की वाढ आजच्या रकमेबरोबरच मागच्या सगळ्या इतिहासाच्या बेरजेवरही अवलंबून असेल तर? त्यांनी त्याचीही वरची मर्यादा काढून दिली. हा लेख छापला 'जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल अॅनॅलिसिस अँड अॅप्लिकेशन्स'ने. हे नियतकालिक सुरू करणारे संपादक खुद्द रिचर्ड बेलमन होते. पुढे अॅकॅडमिक प्रेसने १९९८ मध्ये पाचपट्ट्यांचा विकलक आणि संकलक समीकरणांच्या असमानतांवरचा जाडजूड ग्रंथ काढला. आज जगात कुठेही या विषयावर लेख लिहिणाऱ्याला 'पाचपट्टे' हा शब्द लिहावाच लागतो. मराठवाड्याच्या गौरवग्रंथांत मात्र तो क्वचितच सापडतो.

ढगे यांचा प्रबंध मराठवाडा विद्यापीठातच १९८४ मध्ये झाला. लातूर हा स्वतंत्र जिल्हा होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. प्रबंधाचा विषय होता स्थिरबिंदू.

स्थिरबिंदू म्हणजे काय, हे पाहायला खिशातला कॅल्क्युलेटर पुरे. तो रेडियनवर ठेवा, १ हा आकडा लिहा आणि 'कॉस'चे बटण दाबत राहा. ०.५४०३ येईल, मग ०.८५७६, मग ०.६५४३, ०.७९३५, ०.७०१४. आकडे वर-खाली हिंदकळत एकमेकांच्या जवळ येतात आणि शेवटी ०.७३९१ च्या आसपास येऊन थांबतात. आता कितीही वेळा बटण दाबा, आकडा हलत नाही. क्रिया केली तरी जो जागेवरच राहतो तो स्थिरबिंदू. पोलंडच्या बानाख यांनी १९२२ मध्ये सांगितले की क्रिया जर दर वेळी अंतरे ठरावीक प्रमाणात आखडत असेल, तर असा बिंदू असतोच आणि एकच असतो. शाउडर यांनी १९३० मध्ये आखडण्याची अट काढून टाकली आणि तिच्या जागी वेगळ्या जातीची अट, 'कॉम्पॅक्ट' असण्याची, घातली. याचे महत्त्व असे की बहुतेक विकलक समीकरणे 'क्ष बरोबर क्षवर केलेली अमुक क्रिया' या रूपात मांडता येतात. मग समीकरणाला उत्तर आहे का, हा प्रश्न स्थिरबिंदू आहे का, या प्रश्नात बदलतो.

'अंतरे आखडणे' म्हटले की अंतर म्हणजे काय ते आधी ठरवावे लागते. नेहमीचे अंतर दोन बिंदूंमधले असते. तीन बिंदूंमधले अंतर असते का? १९६३ मध्ये जर्मनीच्या गेलर यांनी होय म्हटले आणि त्रिकोणाचे क्षेत्रफळ हे तिघांमधले अंतर मानले. आता आपला त्रिकोण काढा. सरळ रेषेत मोजून ढोबळ आकडे धरू: लातूर ते अहमदपूर ५०, अहमदपूर ते नांदेड ६५, लातूर ते नांदेड ११५ किलोमीटर. या हिशेबाने तिन्ही गावे एका रेषेत आली, क्षेत्रफळ शून्य झाले. गेलर यांच्या मोजणीत या तीन वेगवेगळ्या गावांमधले अंतर शून्य! ढगे यांनी प्रबंधात क्षेत्रफळाऐवजी परिमिती घेतली. ५०, ६५ आणि ११५ मिळून २३०. तिन्ही गावे एकाच जागी असतील तरच ही बेरीज शून्य होईल, एरवी नाही. अंतराने जसे वागावे अशी आपली अपेक्षा असते, तसेच हे वागते. या मोजणीला त्यांनी नाव दिले 'डी-मेट्रिक', आणि १९९२ मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये ती कल्पना छापून आली.

तालुक्याच्या गावात बसून त्या काळी गणिताचे संशोधन करणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला डोळ्यांपुढे आणणे अवघड जाईल. इंटरनेट नाही. नियतकालिके पाहायची तर मोठ्या शहरातले ग्रंथालय गाठायचे. एखाद्या लेखाची प्रत हवी तर परदेशातल्या लेखकाला पोस्टकार्ड टाकायचे आणि टपालाची वाट पाहायची. मजकूर टंकलेखनयंत्रावर काढायचा, चिन्हे मात्र शाईने हाताने भरायची. प्रयोगशाळा लागत नाही, एवढीच गणिताची मेहरबानी. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला अहमदपुरातून जे जमले नसते ते गणिताच्या प्राध्यापकाला जमण्यासारखे होते, पण जमवले फार थोड्यांनी.

डी-मेट्रिक गाजले. भारतात आणि बाहेरही त्यावर लेख निघू लागले. जुन्या, म्हणजे दोन बिंदूंच्या अंतराच्या, मेट्रिकसाठी सिद्ध झालेली प्रमेये डी-मेट्रिकसाठी पुन्हा सिद्ध करण्याची लाटच आली. ती लाट फुटली ती एका साध्या दिसणाऱ्या नियमापाशी. ढगे यांची मुख्य अट अशी: क्ष, य, ज्ञ या तिकडीचे माप, कोणताही चौथा बिंदू अ घेतला तरी, (क्ष, य, अ), (क्ष, अ, ज्ञ) आणि (अ, य, ज्ञ) या तीन तिकड्यांच्या मापांच्या बेरजेपेक्षा जास्त असता कामा नये. परिमितीला ही अट लागू पडते. पण आता चौथा बिंदू म्हणून क्षच घेऊन पाहा. उजवीकडच्या तीन तिकड्यांत (क्ष, य, ज्ञ) ही मूळ तिकडीच येऊन बसते. म्हणजे नियम एवढेच सांगतो की एखादी संख्या स्वतःत काही मिळवल्यावर येणाऱ्या संख्येपेक्षा मोठी नसते. हे सांगायला नियम कशाला हवा? परिणाम असा की क्ष हा अच्या जवळ आहे आणि य हाही अच्या जवळ आहे, एवढ्यावरून तिघे मिळून एकमेकांच्या जवळ आहेत असे या अटीतून काढताच येत नाही. नेहमीच्या अंतरात हेच तर सगळ्यात आधी हाताशी असते.

डी-मेट्रिकच्या अवकाशाबद्दल जी विधाने गृहीत धरली गेली होती ती अशी एकेक करून गळू लागली. २००३ मध्ये स्पेनमधल्या वॅलेन्सिया येथील परिषदेत झीद मुस्तफा आणि ब्रेली सिम्स यांनी उदाहरणे देऊन दाखवले की यातली बहुतेक मूलभूत विधाने खरी नाहीत. मुस्तफा तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठात सिम्स यांच्याकडे पीएच.डी. करत होते. त्याच सुमारास नायडू, राव आणि श्रीनिवास राव या भारतीय गणितज्ञांनी २००४ आणि २००५ मध्ये ओळीने लेख लिहून तेच अधिक बारकाईने मांडले. डी-मेट्रिकमधल्या 'जवळ जाण्या'तून नेहमीसारखी टोपोलॉजी, म्हणजे जवळिकीची रचना, उभी राहीलच असे नाही, आणि राहिली तरी ती आपल्याला हवी तशी असेल याची खात्री नाही.

२००६ मध्ये मुस्तफा आणि सिम्स यांनी दुरुस्त आवृत्ती आणली, 'जी-मेट्रिक'. कल्पना तीच, तीन बिंदूंमधले अंतर. नियम मात्र बदललेला: क्ष, य, ज्ञचे माप (क्ष, अ, अ) आणि (अ, य, ज्ञ) यांच्या बेरजेपेक्षा जास्त नसावे. आता क्ष आणि अ यांचे जवळपण पुढे वापरता येते, वर दाखवलेली फट बुजते. मग जी-मेट्रिकची लाट आली, ती आधीच्या लाटेहून मोठी. शेकडो लेख. आणि २०१२ मध्ये ज्लेली आणि सामेत यांनी दाखवून दिले की जी-मेट्रिकमधली पुष्कळशी स्थिरबिंदू-प्रमेये दोन बिंदूंच्या जुन्याच, जरा सैल केलेल्या अंतरावरून सरळ निघतात. तिसऱ्या बिंदूची गरजच नव्हती. ज्यांनी ढग्यांची चूक काढली, त्यांच्या दुरुस्तीवर उभा राहिलेला बराचसा डोलाराही असा पोकळ निघाला. माझ्या मते स्थिरबिंदूच्या शाखेचा हा जुनाच आजार आहे. अटींत थोडा फेरफार, नवे नाव, नवा लेख. डी-मेट्रिक त्या आजाराला बळी पडले आणि त्याने तो वाढवलाही.

ढगे यांचे नाव इथेच संपले असते तर हे प्रकरण लिहिण्याचे कारण नव्हते. त्यांचे टिकाऊ काम दुसरे आहे, आणि ते डी-मेट्रिकचा गाजावाजा होण्याच्या आधीच सुरू झाले होते.

१९५५ मध्ये रशियाचे क्रास्नोसेल्स्की यांनी बानाख आणि शाउडर यांची सांगड घातली. क्रिया दोन भागांची बेरीज असेल, एक भाग आखडणारा आणि दुसरा कॉम्पॅक्ट, तरीही स्थिरबिंदू मिळतो, असे त्यांचे प्रमेय. बेरीज झाली, गुणाकाराचे काय? क्ष = अ(क्ष) × ब(क्ष) अशी समीकरणे निसर्गात येतात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी ताऱ्यांच्या वातावरणातून प्रकाश कसा बाहेर पडतो याचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यापुढे असेच समीकरण आले. त्यात अज्ञात फलन बरोबर एक अधिक, तेच अज्ञात फलन गुणिले त्याचेच एक संकलन. अज्ञाताला अज्ञाताने गुणलेले असल्यामुळे बेरजेची हत्यारे तिथे बोथट होतात.

१९८८ मध्ये ढगे यांनी गुणाकाराचे प्रमेय मांडले. अ ही क्रिया अंतरांना फार तर काही पट ताणते असे समजू. ती पट ०.२ धरू. ब ही कॉम्पॅक्ट क्रिया आहे आणि तिची मूल्ये फार तर ४ पर्यंत जातात. या दोहोंचा गुणाकार ०.८, एकाहून कमी. मग, इतर अटी पाळल्या जात असतील तर, समीकरणाला उत्तर आहे. बची मूल्ये ६ पर्यंत जात असती तर गुणाकार १.२ झाला असता आणि प्रमेय गप्प बसले असते. अट तपासायला लेखणी आणि दोन ओळी पुरतात. जे प्रमेय वापरायला सोपे असते ते वापरले जाते, आणि हे वापरले गेले. पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत ढगे यांनी ते ताणून बेरीज आणि गुणाकार एकत्र असलेल्या समीकरणांपर्यंत नेले. आयर्लंडमधील गॉलवेचे डॉनल ओ'रीगन, ग्रीसमधील इओआनिनाचे एन्टुयास यांच्यासारख्यांबरोबर लेख लिहिले. सहलेखकांच्या यादीत नांदेड-लातूर भागातल्या महाविद्यालयांचे प्राध्यापकही दिसतात.

दरम्यान १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलगुरू लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे. लातूर, नांदेड, परभणी इथली सगळी महाविद्यालये औरंगाबादपासून सुटून विष्णुपुरीच्या नव्या आवाराला जोडली गेली. अहमदपूरच्या माणसाला विद्यापीठात आता एका दिवसात जाऊन येणे शक्य झाले. पूर्वी हे काम मुक्कामाचे होते.

२०१० मध्ये 'नॉनलिनिअर अॅनॅलिसिस: हायब्रिड सिस्टिम्स'मध्ये ढगे यांचा एक लेख आला. सहलेखक व्ही. लक्ष्मीकांतम, म्हणजे मराठवाडा विद्यापीठात एके काळी विभागप्रमुख असलेले आणि तेव्हा वयाची ऐंशी ओलांडून फ्लोरिडात असलेले तेच. विषय 'हायब्रिड' विकलक समीकरणे. नेहमीच्या समीकरणात अज्ञात क्षच्या बदलाचा दर दिलेला असतो. इथे क्षला आधी एका फलनाने भागतात आणि त्या भागाकाराच्या बदलाचा दर देतात. दोन्ही बाजूंचे संकलन केले की भागाकार पलीकडे जाऊन गुणाकार होतो, आणि उरते क्ष = अ(क्ष) × ब(क्ष), १९८८ च्या प्रमेयाला हवे तसे. दुसऱ्याच वर्षी चीनमधल्या चौघा लेखकांनी हीच कल्पना अपूर्णांक कोटीच्या विकलनापर्यंत नेली. त्यानंतर 'हायब्रिड फ्रॅक्शनल' समीकरणांवर तुर्कस्तान, पाकिस्तान, सौदी अरेबिया, चीन इथून लेखांचा ओघ सुरू झाला. त्यातल्या पुष्कळांत मधल्या पानावर 'ढगे यांच्या स्थिरबिंदू प्रमेयानुसार' असे वाक्य असते. चुकीच्या कल्पनेने ढगे यांचे नाव जेवढे पसरवले, त्याहून जास्त या प्रमेयाने टिकवले आहे.

लक्ष्मीकांतम २०१२ च्या जूनमध्ये गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी ढगे यांनी आणखी एक वाट धरली. आतापर्यंतची प्रमेये 'उत्तर आहे' एवढेच सांगत होती. ते काढायचे कसे, याबद्दल अवाक्षर नव्हते. क्रम लावता येईल अशा अवकाशांवर रॅन आणि रूरिंग्ज यांनी २००४ मध्ये आणि निएतो व रॉद्रिगेझ-लोपेझ यांनी २००५ मध्ये जे काम केले होते, त्याचा आधार घेऊन ढगे यांनी पायरीपायरीने उत्तराकडे नेणारी रीत बांधली. समीकरणाचे एक 'खालचे' अंदाजे उत्तर घ्यायचे, क्रिया लावायची, येईल त्यावर पुन्हा लावायची. अटी पाळल्या तर ही क्रमिका खालून चढत जाऊन खऱ्या उत्तराला मिळते. या रीतीला 'ढगे इटरेशन मेथड' म्हणतात, आणि स्वतःच्या लेखांच्या शीर्षकांत हे नाव वापरायला त्यांनी संकोच केलेला नाही. मात्र या लेखांचा साचा ठरून गेलेला आहे: चार-पाच गृहीतके, एक प्रमेय, शेवटी एक सोपे उदाहरण. त्यात सहसा टॅन-इन्व्हर्ससारखे मर्यादेत राहणारे, सतत चढणारे फलन असते, म्हणजे सगळ्या अटी आपोआप पाळल्या जातात. खऱ्या अभियांत्रिकीतून आलेले, वेडेवाकडे समीकरण घेऊन ही रीत किती पायऱ्यांत, किती अचूक उत्तर देते, हे संगणकावर पडताळण्याचे काम पुष्कळ उरले आहे, आणि त्यासाठी आता लातूर-नांदेडच्या कोणत्याही विद्यार्थ्याला एक लॅपटॉप पुरेल.